वाढ कुठे थांबते?

मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना वैकासिक मानसशास्त्राचा पेपर बहुधा सोपा वाटतो. गर्भावस्थेपासून सुरुवात करायची. मग अर्भकावस्था, बाल्यावस्था, कुमारावस्था, प्रौढावस्था आणि शेवटी वार्धक्य. प्रत्येक टप्प्याची शारीरिक, बोधात्मक, भावनिक वैशिष्ट्ये पाठ केली, पियाजे आणि एरिक्सन यांचे तक्ते काढले की पेपर झाला. शिकवतानाही पहिली बारा-चौदा वर्षे निवांतपणे होतात आणि साठीनंतरची वर्षे सत्राच्या अखेरीस दोन तासांत उरकली जातात. हा पेपर मी बरीच वर्षे शिकवते आहे आणि त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तक्त्यांच्या बाहेर आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ती एका प्रश्नात आहे: माणसाची वाढ थांबते कुठे? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर पार पालटले. ते कशामुळे पालटले हे नीट उमगले, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहण्याची आपली रीतच बदलते.

वाढ आयुष्यभर चालते हा विचार तसा जुना. योहान निकोलाउस टेटेन्स या जर्मन तत्त्वज्ञाने तो १७७७ सालीच मांडला होता. पण मानसशास्त्र शास्त्र म्हणून उभे राहू लागले तेव्हा सगळ्यांचे डोळे लहान मुलाकडे लागले होते. चार्ल्स डार्विनने आपल्या पहिल्या मुलाच्या बाळपणी केलेल्या नोंदी १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या. १८८२ मध्ये विल्हेल्म प्रायरचा बालमनावरचा ग्रंथ आला. माणूस प्राण्यांतून कसा घडला हा त्या काळाचा मोठा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर पाळण्यात सापडेल अशी आशा होती. पुढे फ्रॉइडने व्यक्तिमत्त्वाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांतच घातला जातो असे सांगितले. पियाजेच्या मांडणीत अमूर्त विचाराची शेवटची पायरी अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुरू होते. या सगळ्यांनी फार मोठे काम केले, परंतु त्यातून एक गृहीत नकळत पक्के झाले: वाढ म्हणजे मूल मोठे होणे. मोठे झाल्यावर काही वर्षे स्थिर राहायचे आणि मग उतरणीला लागायचे.

स्टॅन्ले हॉलची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. कुमारावस्थेला अभ्यासविषय म्हणून उभे करणारा त्याचा १९०४ चा द्विखंडी ग्रंथ गाजला, शिक्षणक्षेत्रावर त्याचा प्रभाव पडला. त्याच हॉलने सत्तरी ओलांडल्यावर, १९२२ मध्ये, वार्धक्यावर ग्रंथ लिहिला. म्हातारपण म्हणजे तारुण्याची नुसती झीज नव्हे, त्याला स्वतःचे भावविश्व आहे, असे त्याचे सांगणे होते. तो धागा पुढे नेणारे लोक मिळायला कित्येक दशके जावी लागली.

कारण उतरणीच्या बाजूने आकडे होते, आणि ते भक्कम दिसत होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख लोकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या होत्या. हॅरल्ड जोन्स आणि हर्बर्ट कॉनराड यांनी त्यांतलीच एक चाचणी न्यू इंग्लंडच्या खेड्यांत घेतली आणि निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. लोकांनी यावे म्हणून गावच्या सभागृहात फुकट चलच्चित्र दाखवले. दहा ते साठ वर्षे वयाच्या सुमारे बाराशे लोकांचे गुण वयानुसार मांडले, तेव्हा आलेख अठरा ते एकवीस या वर्षांत शिखरावर पोचला आणि तिथून उतरत उतरत पंचावन्नाव्या वर्षी चौदा वर्षांच्या मुलाच्या पातळीला आला. शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान मात्र त्या मानाने टिकून होते, हेही त्यांनी नोंदवले होते. लक्षात राहिली ती उतरण.

या आलेखात माणसे मोठी होताना कोणी पाहिलीच नव्हती. दहा वर्षांचा मुलगा एक, तीस वर्षांचा पुरुष दुसरा, पंचावन्नचा तिसराच. वेगवेगळ्या वयाची माणसे एकाच वेळी तपासून, त्यांच्यातला फरक हाच एका माणसाच्या आयुष्यातला बदल आहे, असे धरून चालले होते. अभ्यासाच्या या पद्धतीला आपण वर्गात आडव्या छेदाची पद्धत म्हणतो. ती स्वस्त आहे, झटपट होते, पण तिच्यात एक मोठी गफलत दडलेली असते.

ती उघड व्हायला सुरुवात झाली विल्यम ओवेन्स यांच्या कामातून. १९१९ मध्ये आयोवातल्या महाविद्यालयात प्रवेश घेताना ज्यांनी सैन्याची ती चाचणी दिली होती, अशा १२७ पुरुषांना त्यांनी सुमारे तीस वर्षांनी गाठले आणि तीच चाचणी पुन्हा दिली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पन्नाशीला आलेल्या या माणसांचे एकूण गुण त्यांच्याच तारुण्यातल्या गुणांपेक्षा वाढले होते. गणितासारखा एखादा भाग सोडला तर घसरण नव्हती. चाचणी तीच आणि वयेही साधारण तीच असताना उत्तर उलटे आले. फरक एवढाच, की या वेळी माणूसही तोच होता.

या पेचाची उकल वॉर्नर शाय यांनी केली. १९५६ मध्ये सिएटलमधल्या एका आरोग्य सहकारी संस्थेचे पाचशे सभासद घेऊन त्यांनी काम सुरू केले आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे परतत राहिले. दर खेपेला नवे गटही जोडले. आडव्या छेदात घट लवकर दिसे. पण तीच माणसे वर्षानुवर्षे पाहिली, तर बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून राहत, कामाचा वेग तेवढा आधी मंदावे. मग आडव्या छेदातली ती घट आली कुठून? पिढ्यांमधून. सत्तरीचा माणूस विशीच्या माणसापेक्षा पन्नास वर्षांनी मोठा असतो, शिवाय तो पन्नास वर्षे आधी जन्मलेला असतो. त्याची शाळा वेगळी, लहानपणीचा आहार वेगळा, औषधोपचार वेगळे. १९६५ मध्ये शाय यांनी वय, पिढी आणि मोजणीचा काळ या तीन गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय विकासाबद्दल बोलता येणार नाही, अशी मांडणी केली.

हे आपल्याकडे आणून पाहिले की चटकन पटते. आज सत्तरीत असलेली, चौथीनंतर शाळा सुटलेली बाई आणि बी.ए. करणारी तिची नात यांना घड्याळ लावून आकृत्यांची चाचणी दिली, तर नात पुढे जाईल. आजीचे कमी पडलेले गुण आपण बिनदिक्कत तिच्या वयाच्या खात्यावर मांडतो. त्यातले किती तिच्या वयाचे आणि किती न मिळालेल्या शाळेचे, हा प्रश्न विचारायचे सुचतही नाही.

तीच माणसे वर्षानुवर्षे पाहणारा दीर्घकालीन अभ्यासही निर्दोष नाही. वर्षे जातात तशी माणसे गळतात आणि मागे राहतात ती बरेचदा अधिक निरोगी, अधिक शिकलेली. तीच चाचणी पुन्हा दिल्याने सरावही होतो. म्हणून ओवेन्स यांचा आलेख जितका आशादायक दिसतो तितका जसाच्या तसा घेता येत नाही. पण १९८६ मध्ये शाय आणि शेरी विलिस यांनी आणखी एक पाऊल टाकले. वृद्धांना अवकाश-बोधाचा किंवा तर्कविचाराचा पाच तासांचा सराव दिला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोक सुधारले आणि ज्यांची घट झाली होती त्यांतले सुमारे चाळीस टक्के चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीला परत आले. जी घट अटळ मानली होती तिच्यात न वापरण्याचाही वाटा होता.

या साऱ्याला सिद्धान्ताचे रूप दिले पॉल बाल्टेस यांनी. त्यांच्या १९८७ च्या लेखाने या पेपराची भाषाच ठरवून दिली. विकास आयुष्यभर चालतो, तो एकाच दिशेने जात नाही आणि प्रत्येक वयात काही मिळते, काही जाते. बाळ मातृभाषेचे ध्वनी आत्मसात करते त्याच काळात परक्या भाषांचे ध्वनी ओळखण्याची त्याची क्षमता मावळू लागते. म्हणजे गमावणे म्हातारपणी सुरू होत नाही. आणि कमावणे म्हातारपणी संपत नाही. यासाठी बाल्टेस पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचे उदाहरण देत. उतारवयात त्याने वाजवायच्या रचना कमी केल्या, त्यांचा रियाज वाढवला आणि द्रुत भागाआधी गती मुद्दाम थोडी उतरवली, म्हणजे पुढचा भाग आहे त्याहून वेगवान वाटावा. निवड करणे, निवडलेले घासून पुसून चोख करणे आणि उणीव दुसऱ्या वाटेने भरून काढणे, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. पुढे बर्लिनमध्ये ७० ते १०० आणि त्यापुढच्या वयाच्या ५१६ लोकांचा अभ्यास झाल्यावर याच बाल्टेस यांनी बजावले, की पंच्याऐंशीनंतर तोल गमावण्याकडे झुकत जातो आणि तिथे समाजाचा आधार अपुरा पडतो. खोटा दिलासा न देणारा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

मग अवस्थांच्या तक्त्याचे काय करायचे? १९५० मध्ये आठ अवस्था मांडून प्रौढांना विकासाच्या नकाशात जागा देणारा एरिक एरिक्सन याचे ऋण मोठेच आहे. १९६२ मध्ये मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी तो अहमदाबादला आला आणि तिथून त्याला १९१८ च्या गिरणी कामगारांच्या लढ्याचा धागा लागला. त्यावरच्या १९६९ च्या ग्रंथात केंद्रस्थानी आहेत ते अठ्ठेचाळीस वर्षांचे गांधीजी. पुढच्या पिढीची जबाबदारी खांद्यावर घेणारे मध्यमवय हा त्याला वाढीचाच काळ वाटत होता. आपल्याकडची चार आश्रमांची कल्पनाही त्याला जवळची वाटली. ती मुळात द्विज पुरुषांपुरती होती, हे मात्र वर्गात सांगायलाच हवे. अवस्थांचा कोणताही तक्ता कोणाचे तरी आयुष्य नमुना म्हणून धरतो.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची वर्षे त्या तक्त्यावर ठेवून पाहा. जन्म १८६५, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि काही दिवसांतच मूल दगावणे, अठराव्या वर्षी अमेरिकेला प्रयाण, १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी, बावीस पूर्ण होण्याआधी मृत्यू. हॉलने वर्णन केलेली, घराच्या आश्रयाने स्वतःला शोधण्याची कुमारावस्था यात कुठे बसते? आनंदीबाईंच्या काळातल्या बहुसंख्य मुलींना ती अवस्था मिळालीच नव्हती. संमतिवयाचा वाद, मुलींच्या शाळा, लग्नाचे वय वाढवणारे कायदे यांतून ती हळूहळू निर्माण झाली. आयुष्याच्या पायऱ्या निसर्गाइतक्याच समाजही बांधतो.

आणि पायऱ्यांची सुरुवातही मागे सरकली आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांच्या नोंदी गर्भधारणेच्याही आधीपासून ठेवायला सुरुवात केली. तिथली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांहून वजनाने बरीच कमी, पण शरीरातली चरबी त्या मानाने राखून असलेली निघाली. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे, दूध अधिक होते, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. ही मुले तरुण होईपर्यंत संशोधक त्यांच्यामागे जात राहिले. मधुमेहासारख्या मध्यमवयातल्या आजाराची मुळे आईच्या ताटापर्यंत पोचतात, हे जगाला सांगणाऱ्या कामांत आपल्या गावांतले हे काम अग्रभागी आहे. वाढ जन्माआधी सुरू होते, हे वाक्य आमचे विद्यार्थी पहिल्याच धड्यात पाठ करतात. त्याचा अर्थ त्यांना इथे कळतो.

म्हणून मी या पेपरात एक काम आवर्जून देते. घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीशी बोलायचे आणि कागदावर तीन ओळी आखायच्या: वर तिचे वय, मध्ये इसवी सन, खाली गावावर आणि देशावर आलेले प्रसंग. मराठवाड्यातल्या एका विद्यार्थिनीच्या कागदावर १९७२ खाली ‘दुष्काळ’ होते आणि वर ‘१३’. त्या वर्षी तिच्या आजीची शाळा सुटली आणि हातात खडी फोडायचा हातोडा आला. आजीच्या थोरल्या भावाचे शिक्षण तोवर झाले होते. त्याला तोच दुष्काळ वेगळ्या वयात भेटला. अमेरिकेतल्या महामंदीवरच्या अभ्यासातून ग्लेन एल्डर यांनी नेमके हेच दाखवले: संकट एकच असले तरी ते कोणत्या वयात गाठते यावर त्याचा ठसा ठरतो. कागदाच्या उजव्या टोकाला ‘५२’ होते आणि त्याखाली बचत गट. पन्नाशी उलटल्यावर आजी हिशेब लिहायला शिकली आणि गटाची खजिनदार झाली.

हा कागद भरणारी मुलगी पुढे समुपदेशक होईल, शिक्षिका होईल किंवा मानसशास्त्राशी तिचा संबंधही उरणार नाही. पण समोरचा माणूस मागे पडलेला दिसला, की तिने तीन गोष्टी विचारायला हव्यात: यात वयाचा भाग किती, त्याच्या पिढीच्या वाट्याला आलेल्या काळाचा किती, आणि आज संधी व सराव मिळाला तर बदलण्याजोगे काय आहे? वृद्धाश्रम चालवणाऱ्याने, बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्याने आणि प्रौढ शिक्षणाचा निधी ठरवणाऱ्यानेही हेच विचारायला हवे. ‘या वयात आता काय शिकणार’ हे आपण निसर्गनियमासारखे बोलतो. त्यामागे फार तर एका सभागृहात एका वेळी घेतलेली मोजणी असते. ज्यांनी त्याच माणसांसोबत वर्षे काढली, त्यांच्या हाती वेगळा पुरावा आला, आणि वार्धक्याचा धडा सत्र संपताना दोन तासांत उरकणे हा त्या पुराव्यावर अन्याय आहे. तो धडा आपण सत्राच्या मध्यावर आणला पाहिजे आणि पुरेसा वेळ देऊन शिकवला पाहिजे.