पाचवं कारण

कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवद्गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. कर्म जिथे घडतं ते अधिष्ठान, ते करणारा कर्ता, त्याची साधनं, त्याच्या नाना हालचाली आणि पाचवं दैव. आजोबा रोज पहाटे गीता वाचायचे, त्यामुळे ही यादी लहानपणापासून कानावर होती. तिचा अर्थ मात्र मला भिडला तो शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये, सिंगल सीटर रेसिंग गाडीचा स्टब ॲक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा, मांडीवर घेऊन बसलो असताना. दैवाला या यादीत जागा आहे, पण ती पाचवी. आधीच्या चार कारणांचं सगळं देणं चुकतं झाल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचा अधिकार माणसाला नाही, असं मला वाटतं. आणि चुकतं झाल्यावरही ते नाकारणं हा निव्वळ ताठा आहे, असंही वाटतं.

आमचा धंदा ओतकामाचा. कोल्हापूरच्या शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात ज्यांच्या भट्ट्या आहेत, त्यांना धातूवर आंधळा विश्वास टाकणं माहीत नसतं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या कास्टिंगच्या पोटात हवेची पोकळी असू शकते. ती मशीनिंगला सापडली तर नशीब, नाहीतर गिऱ्हाईकाकडे जाऊन सापडते. या संशयी धंद्यातून मी रेसिंगमध्ये आलो. हौशी ड्रायव्हर म्हणून आलो आणि हौशीच राहिलो. गाडी फॉर्म्युला एलजीबी: नळ्यांची चॅसी, उघडी चाकं, मागे मारुतीचं १३०० सीसीचं इंजिन. या जातीच्या गाड्यांचं मूळ कोइमतूरच्या करिवर्धन यांच्या कामात आहे. त्यांनी १९८८ साली मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती बांधली आणि सामान्य मिळकतीच्या पोरांनाही रेसिंगचं दार उघडून दिलं. नारायण कार्तिकेयन त्याच दारातून पुढे २००५ साली फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेला त्यांचंच नाव आहे.

आमची शर्यत म्हणजे स्प्रिंट. आठ-दहा लॅप्स, वीस मिनिटांच्या आत सगळं संपतं. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे. तिथे जायला कोल्हापूरहून गाडी ट्रकवर चढवावी लागते आणि त्याच्या आधी कितीतरी रात्री शेडमध्ये काढाव्या लागतात. वीस मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं लोक विचारतात. माझ्या लेखी तो खटाटोप हेच कर्म आहे. शर्यत म्हणजे त्याची तपासणी.

गाडी शर्यतीहून परत आली की पहिलं काम ती पूर्ण उघडायची. सस्पेन्शनचा एकेक आर्म काढायचा, रोझ जॉइंट हातात फिरवून बघायचे, किंचित जरी खुळखुळले तरी बाद. मग स्टब ॲक्सल. तो रॉकेलने, मग थिनरने धुऊन कोरडा करायचा आणि त्यावर लाल पेनिट्रंट मारायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. रंग पुसून काढायचा, अगदी कपड्यावर लाल डाग उमटेनासा होईपर्यंत, आणि वरून पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ फवारा. आता नुसतं बघत बसायचं. धातूला तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर हळूहळू वर येतो. केसाएवढी रेघ. खांद्याजवळच्या गोलाईत, जिथे जाडी एकदम बदलते आणि सगळा ताण गोळा होतो, तिथे ती एकदा उमटलेली मी पाहिली आहे. आधीच्याच शर्यतीत त्या ॲक्सलवर चाक दीडशेच्या वेगाने फिरलं होतं. आमचे मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो ॲक्सल व्हाइसमध्ये धरला आणि ग्राइंडरने मधोमध कापला, पुन्हा कुणी चुकून बसवू नये म्हणून.

ही चाचणी पृष्ठभागावर उघडणारा तडा दाखवते, पोटातली पोकळी दाखवत नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रे लागतो आणि त्यांनाही मर्यादा आहेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दैवाचा प्रश्न माझ्यासाठी नेमका इथे सुरू होतो. जे बघता येतं ते बघितलं, ज्या साधनाने बघायला हवं त्या साधनाने बघितलं, तरी काहीतरी न दिसलेलं उरतंच.

जुळणीला दोन दिवस जातात. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून स्टीलच्या पट्टीने अंतर मोजायचं आणि टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, लावायचा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पहिल्याच वळणात कळतो. चारी चाकांखाली वजनकाटे ठेवायचे, मी हेल्मेटसकट आत बसायचं आणि मिस्त्री स्प्रिंगच्या रिंगा फिरवत वजन वाटत जाणार. प्रत्येक नट टॉर्क रेंचने आवळून त्याच्यावर आणि बोल्टवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. आवळणारा एक आणि रेघ ओढणारा दुसरा, हा आमच्या शेडचा नियम आहे. शेवटची रेघ ओढून झाली की मिस्त्री हात पुसत म्हणतात, "दादा, आता देवाला हात जोडा. आधी जोडले असते तर त्येनं विचारलं असतं, पाना कुटं हाय म्हणून."

पिट लेनमध्ये टायरखाली लिंबू ठेवणारे असतात, नारळ फोडणारे असतात, क्रॉस करणारे असतात. मला त्यात वावगं काहीच वाटत नाही. वावगं वाटतं ते दुसरंच. गाडी बंद पडली, ब्रेक गेला, चाक निखळलं की काही लोक खांदे उडवून "नशीबच खराब" म्हणतात आणि गाडी ट्रकवर चढवून घरी जातात. उघडून बघत नाहीत. रक्तवाहिनीइतका जपायचा ब्रेकचा होज कुठे घासला, हे ज्याने तपासलं नाही, त्याने दैवाचं नाव घेणं ही श्रद्धा नाही. आपलं न केलेलं काम देवाच्या नावावर खपवणं आहे. माझ्या मते देवाविषयी बोललं जाणारं हे सर्वात सोयीचं असत्य आहे. ते मंदिरात, दवाखान्यात, पूल कोसळल्यावर, सगळीकडे बोललं जातं.

१ मे १९९४ रोजी इटलीतल्या इमोलाला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आयर्तों सेना गेला. आदल्याच दिवशी त्याच ट्रॅकवर ऑस्ट्रियाचा रोलांड रात्झेनबर्गर गेला होता. सेनाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. शर्यतीनंतर रात्झेनबर्गरच्या आठवणीत तो फडकवायचा त्याचा बेत होता. सेना गाढ श्रद्धाळू होता, बायबल वाचणारा, देवाबद्दल उघडपणे बोलणारा. गाडीत जास्त जागा मिळावी म्हणून त्याच्या स्टीअरिंगचा दांडा कापून, कमी व्यासाची नळी जोडून पुन्हा बसवला होता. अपघातानंतर तो मोडलेला सापडला. धडकेआधी मोडला की धडकेने, यावर इटलीत वर्षानुवर्षं खटला चालला आणि तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. त्याचा जीव मात्र गेला तो सस्पेन्शनच्या तुकड्याने. चाक उखडून उडालं आणि आर्मचा तुकडा हेल्मेटमधून डोक्यात शिरला. तो तुकडा थोडा इकडे किंवा थोडा तिकडे आदळता तर सेना चालत पिटमध्ये आला असता, असं त्या वेळी अनेकांनी म्हटलं.

या एका अपघातात तिसरं आणि पाचवं कारण उघडं पडलेलं दिसतं. दांडा कसा जोडला, हा साधनाचा प्रश्न आहे आणि माणसांना त्याचं उत्तर द्यावंच लागतं. तुकडा कोणत्या कोनात उडाला, हे त्या दिवशी कुणाच्याच हातात नव्हतं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढच्या काही वर्षांत चाकं चॅसीला दोरखंडांनी बांधून ठेवण्याचा नियम आला, कॉकपिटच्या कडा उंच झाल्या. २०१८ पासून फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हेलो हा संरक्षक सांगाडा आला. ड्रायव्हर रोमां ग्रोजांचा त्याला विरोध होता. २०२० मध्ये बहारीनला त्याची गाडी लोखंडी कठडा फोडून गेली, दोन तुकडे झाले, पेटली, आणि २८ सेकंद आगीत राहून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हेलो नसता तर आज मी बोलायला नसतो, असं त्याने नंतर सांगितलं.

म्हणजे १९९४ मध्ये जे पाचव्या कारणात मोडत होतं, त्यातलं बरंचसं माणसांनी उचलून तिसऱ्यात आणून ठेवलं. दैवाची हद्द कायमची आखलेली नाही. ती माणसाच्या मेहनतीने मागे सरते. यामुळे देव लहान होतो, असं काही श्रद्धाळूंना वाटतं. मला उलट वाटतं. आपल्या आळसाने व्यापलेली जागा देवाची म्हणून दाखवत होतो, ती रिकामी करून दिली, एवढंच.

पण मग सगळीच जागा रिकामी होईल का? माझे एक इंजिनिअर मित्र म्हणतात, होईल, वेळेचा प्रश्न आहे. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि त्याचं कारण मला गाडीत बसल्यावर कळतं. शंकराचार्यांनी या श्लोकातल्या दैवाचा अर्थ इंद्रियांना साह्य करणाऱ्या देवता असा घेतला आहे. डोळ्याला सूर्याचा आधार, तसा प्रत्येक इंद्रियाला कुणाचातरी. रामानुजाचार्यांना तिथे अंतर्यामी परमात्मा दिसतो. दोघांपैकी कुणाच्याही वाचनात दैव म्हणजे बाहेरून पडणारा फासा नाही. पाहण्याच्या, हात फिरवण्याच्या आतच ते काम करतं.

ग्रिडवर इंजिनांचा आवाज छातीत बसलेला असतो. लाल दिवे विझतात तेव्हा "आता क्लच सोड" असं मी स्वतःला सांगत नाही. सांगत बसलो तर चार गाड्या पुढे जातात. पाय सोडतो. एकदा चेन्नईला पुढच्या दोन गाड्या एकमेकींना लागल्या, एक गर्रकन फिरून ट्रॅकवर आडवी आली, टायरच्या धुरात काही दिसेना. मी डावीकडे गेलो. डावीकडे मोकळं आहे हे मी पाहिलं होतं का? नंतर कितीही आठवलं तरी तो निर्णय घेतल्याचा क्षण मला सापडत नाही. हात फिरले आणि गाडी निघाली. सराव म्हणा, मज्जासंस्था म्हणा, मला ती नावं मान्य आहेत. पण त्या हालचालीचा मालक मी होतो, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. त्या वेगात आपल्यातून काम करून जाणारं काहीतरी आपलं नसतं, हे मी अनुभवलं आहे, आणि त्याला नमस्कार करावासा वाटतो.

याच अध्यायात पुढे असंही म्हटलं आहे, की पाच कारणं असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही. सिंगल सीटरमध्ये हे शब्दशः खरं आहे. नाव सिंगल सीटर, पण सहा पट्ट्यांचा हार्नेस मला स्वतःला आवळता येत नाही इतकी जागा अरुंद. मिस्त्री वाकून पट्टे खेचतात, श्वास अडकेपर्यंत. मग स्टीअरिंग खटकन बसवतात आणि ते पक्कं बसलंय का हे बघायला स्वतः दोनदा ओढतात, नंतर मला ओढायला लावतात. मी त्यांच्या हातांवर जीव टाकून निघतो. ट्रॉफी मिळाली तर पोडियमवर मात्र मी एकटा उभा असतो. या प्रथेत काहीतरी खोटं आहे असं मला दर वेळी जाणवतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी अंबाबाईच्या देवळात जातो. तिथे काय मागावं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. ग्रिडवर वीस गाड्या असतील तर वीस जणांनी आपापल्या देवाकडे विजय मागितलेला असतो. माझं मागणं पुरवायचं तर देवीने उरलेल्या एकोणीस जणांचं नाकारायला हवं. ज्या पोराने कर्ज काढून सीट घेतली आहे त्याचंही. असं मागणं मला तोंडातून काढवत नाही. सुखरूप परत आण, हे मागावं, तर ते रात्झेनबर्गरच्या घरच्यांनीही मागितलंच असेल. तेव्हा मी लक्ष मागतो. शेडमध्ये आणि ट्रॅकवर लक्ष ढळू देऊ नकोस, एवढंच. हे मागणं वीसही जणांचं एकाच वेळी पुरं होऊ शकतं, कुणाच्या वाट्याचं हिरावून घ्यावं लागत नाही. स्पर्धेत उतरलेल्या माणसाला याहून वेगळी प्रार्थना प्रामाणिकपणे करता येते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आईला हे अपुरं वाटतं. ती माझ्या नावाने ओटी भरते आणि सरळ "माझा लेक धड परत येऊ दे" म्हणते. तिच्याशी मी वाद घालत नाही. शर्यतीच्या कर्मात तिच्या वाट्याला पहिल्या चार कारणांपैकी एकही येत नाही. ती ना नट आवळू शकते, ना ब्रेक दाबू शकते. तिच्या हाती फक्त पाचवं उरतं, म्हणून ते थेट मागायचा तिला पूर्ण अधिकार आहे. मला तो नाही, माझ्या हातात टॉर्क रेंच आहे.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा मांडतो तेव्हा पाटावर पहिला तोच रेंच असतो. मग प्रेशर गेज, वजनकाटे, पेनिट्रंटचा डबा, पिवळ्या रंगाचा ब्रश. गाडीला हळदकुंकू सगळ्यांत शेवटी. पूजा मिस्त्रींच्या हातून होते, मी मागे उभा राहतो. आणि पूजेआधी तो रेंच कॅलिब्रेशनला पाठवून, सर्टिफिकेटसकट परत आणलेला असतो.