वखारीचें सौंदर्य

राहत्या घराभोंवतीं मनाला गुंतवणाऱ्या आठवणी असतात. वखार म्हणजे मालाची जागा, तिच्यांत रसिकतेला वाव कोठून असणार, असा आपला सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडांतील लिव्हरपूल बंदरावरच्या आल्बर्ट गोदीच्या वखारी हा समज तर खोटा ठरवितातच, पण एक अवघड प्रश्नहि पुढें ठेवतात. परक्याच्या दुःखावर पोसलेल्या वास्तूचें सौंदर्य निःशंक मनानें भोगावें काय?

ही गोदी १८४६ सालीं खुली झाली. जेस्सी हार्टले हा तिचा मुख्य रचनाकार. लांकडी वखारींना वारंवार आगी लागत. म्हणून त्यानें इमारतीच्या सांगाड्यांत लांकूड वर्ज्य करून वीट, दगड व लोखंड यांवर सारी भिस्त ठेवली. वखारी थेट पाण्याच्या कडेला उभारल्यामुळें माल जहाजांतून सरळ आंत घेतां येई व वाटेंतील चोरीस आळा बसे. तळमजल्यावरील बिडाचे भरदार खांब प्राचीन ग्रीक मंदिरांच्या खांबांची आठवण करून देतात. शेजारींच, १८५२ च्या सुमारास, जहाजांच्या ये-जा करण्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठीं घर बांधण्यांत आलें. जहाजें भरतीच्या वेळेला बांधलेलीं. अर्थात् अधिकाऱ्याचा संसारहि गोदीच्या उंबरठ्याशींच थाटावा लागला.

आग आणि चोर यांपासून मालाचें रक्षण करण्याकरितां केवढी ही दक्षता! परंतु त्या मालांत कापूसहि होता, आणि लिव्हरपूलास उतरणारा बहुतेक कापूस अमेरिकेंतील गुलामांच्या हातांनीं वेचलेला असे. इंग्लंडनें गुलामांचा व्यापार १८०७ सालीं कायद्यानें बंद केला. १८३३ च्या कायद्यानें वसाहतींतील गुलामगिरीहि संपविण्याचें ठरविलें. गुलामांनीं पिकविलेला कापूस विकत घेणें मात्र कोणीं थांबविलें नाहीं. गांठोडीला अग्निरोधक छप्पर मिळालें. ती भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या देहावरहि हक्क नव्हता.

हें वाचून दुसऱ्यांना दोष देण्याची घाई आपण करूं नये. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवींत तेथील कापूस येईनासा झाला, तेव्हां मुंबईचा कापूस लिव्हरपूलकडे धांवूं लागला. दूरच्या रणभूमीवर माणसें मरत होतीं आणि इकडे पेढ्यांवर पैशांचा पूर आला होता. युद्ध संपतांच भाव कोसळले व अनेक पेढ्या बुडाल्या.

पुढें जहाजांचा आकार वाढला, गोदी अपुरी पडूं लागली आणि १९७२ सालीं ती बंद झाली. सर्वत्र गाळ सांचला. वखारी पाडून टाकण्याच्याहि योजना निघाल्या. अखेर जीर्णोद्धार होऊन १९८८ सालीं तेथें टेट या संस्थेचें कलादालन उघडलें. एका वखारींत नौकानयनाचें संग्रहालय आलें आणि त्याच इमारतींत, २००७ सालीं, गुलामगिरीच्या इतिहासाचें संग्रहालय उघडण्यांत आलें.

कोणी म्हणतील, अशा वास्तु पाडाव्या हेंच बरें. पण साक्षीदार नाहींसा केल्यानें गुन्हा पुसला जात नाहीं. दुसरे म्हणतील, दगडाला कसलें पाप? खरें आहे, दगडाला पाप नाहीं, पण पाहणारास कर्तव्य आहे. जुन्या इमारतीला नवा उपयोग देणें योग्यच. मात्र नव्या उपयोगानें जुन्याचें तोंड बंद करूं नये. वखारींत नुसतीं चित्रें टांगलीं असतीं, तर तो इतिहासावर दिलेला रंगाचा हात ठरला असता. त्याच छपराखालीं गुलामांची कथा सांगितली गेली, म्हणून तो जीर्णोद्धार प्रामाणिक म्हणावा लागतो.

म्हणून त्या खांबांचें कौतुक मोकळ्या मनानें करावें. परंतु अधिकाऱ्याचें घर आपण जपलें, ओझीं वाहणाऱ्या हमालांचीं घरें कोठें होतीं, हेंहि विचारावें. आपल्याकडील एखाद्या जुन्या वाड्याची नक्षी पाहतांनाहि हाच प्रश्न मनांत आला, तर आपल्या रसिकतेंत कांहीं उणें पडणार नाहीं.