मामाची साक्ष

आमच्याकडे लग्नात एक हाक ठरलेली असते. अंतरपाट धरला गेला, नवरदेव पाटावर उभा राहिला, की गुरुजी मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." २०२४ च्या मार्गशीर्षात काचीगुड्याच्या एका कार्यालयात ही हाक माझ्यासाठी होती. भाचीचा हात धरून मी तिला अंतरपाटापर्यंत नेलं, मागे सरकलो आणि सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या. मामाचं काम तिथं संपतं, अशी माझी समजूत होती.

जावई न्यू जर्सीत असतात, तिकडचे नागरिक आहेत. लग्नानंतर जेमतेम दोन आठवडे राहून ते परतले आणि भाचीचा अर्ज सुरू झाला. अमेरिकेची वकिलात हैदराबादेत आहे. आधी बेगमपेठच्या पैगा पॅलेसमध्ये होती, २०२३ पासून नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत आहे. पण बायको म्हणून कायमचं राहायला जायचं, तर मुलाखत मुंबईला. त्याआधी कागद. लग्न झालं याचा दाखला तर हवाच, पण ते लग्न खरं आहे याचाही पुरावा हवा. लग्न झालं हे सांगणं आणि लग्न खरं आहे हे सांगणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पासष्ट वर्षांच्या आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं.

खरं तर साक्षीचा प्रश्न माझ्यापुढं त्याआधीही एकदा आला होता. साखरपुडा २०२४ च्या वैशाखात झाला. मुहूर्त मार्गशीर्षातला. मधले सहा-सात महिने फुकट कशाला घालवायचे, आत्ताच सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी करून टाकू, म्हणजे फाइल पुढं सरकेल, विधी मागाहून होतीलच, असं व्याह्यांकडून सुचवण्यात आलं. आमच्या दाजींनाही ते पटलं होतं. साक्षीदार म्हणून सही करायला मी जवळचाच. बिचाऱ्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. घरोघरी असं चालतं.

मी नाही म्हणालो. हिंदू विवाह कायद्याखाली नोंद होते ती झालेल्या लग्नाची, होणाऱ्या लग्नाची नव्हे. त्याच वर्षी १९ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं दोन वैमानिकांच्या खटल्यात हेच सांगितलं होतं. त्या दोघांनी एका संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन नोंदणी केली होती, विधी झालेच नव्हते, आणि पुढं बिनसलं. विधीच नसतील तर नोंदणीच्या कागदानं लग्न होत नाही, असा निकाल झाला. परदेशी व्हिसासाठी आईबाप आधी नोंदणी उरकून घेतात, या प्रथेबद्दलही न्यायमूर्तींनी नाराजी व्यक्त केली. मी निकाल दाजींना वाचून दाखवला. ते थोडे घुश्श्यात होते, पण ऐकलं. न झालेल्या लग्नाची साक्ष द्यायची नाही, हे ठरवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

अडचण आली ती झालेल्या लग्नाची साक्ष देताना.

त्या फाइलमध्ये दोन परिचितांची शपथपत्रं जोडता येतात. हे दाम्पत्य आपल्याला ठाऊक आहे, त्यांचं नातं सच्चं आहे, आणि ते आपल्याला कशावरून ठाऊक, हे त्यात लिहायचं. जावयांनी एका पानाचा मसुदा पाठवला. त्यात मी म्हणत होतो की दोघांना मी निकट ओळखतो, त्यांचं एकमेकांवर नितांत प्रेम आहे, आणि आयुष्यभर एकत्र राहण्याच्या शुद्ध हेतूनं त्यांनी विवाह केला आहे. खाली माझं नाव टाइप करून तयार.

मी जावयांना सगळं मिळून चार-पाच दिवस पाहिलं आहे. मुलगा चांगला वाटतो. पण शपथेवर सांगायचं म्हणजे? दुसऱ्याच्या हेतूची शपथ कुणी घ्यावी? मी सही लांबवली. दोन दिवसांनी अक्काचा फोन आला. "पोरीचं लग्न खोटं आहे असं म्हणायचंय का तुला?"

यावर काय बोलणार?

आपल्याकडे लग्नाला साक्षी पुष्कळ. अग्नी आहे, देवब्राह्मण आहेत, आणि अक्षता टाकणारा प्रत्येक माणूस साक्षीदारच असतो. आमच्या शेजारच्या मुस्लिम घरांत निकाहाला गवाह लागतात. पण हे सगळे साक्षी एवढंच सांगतात की आमच्या डोळ्यांदेखत अमुक घडलं. नवराबायकोच्या मनात काय आहे ते अग्नीलाही कुणी विचारलेलं नाही. माझ्या आईवडिलांचा संसार एकावन्न वर्षं झाला. दोघांचा एकत्र फोटो एकच, वास्तुशांतीचा, आणि त्यातही दोघांच्या मध्ये आम्ही तीन पोरं. आईनं वडिलांचं नाव घेतलं असेल तर उखाण्यात. त्यांची फाइल आज कुठल्याही वकिलातीतून परत आली असती!

परक्या सरकारांनी आपल्या लग्नांवर संशय घ्यायला काल-परवा सुरुवात केलेली नाही. दक्षिण आफ्रिकेत १९१३ साली नवऱ्याकडे आलेल्या बाई मरियम यांना बंदरातून आत घेतलं नाही. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात त्या धर्माचं लग्न इथं लग्न नव्हे, असा निवाडा केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी दिला. एका फटक्यात तिथल्या हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्यापुढं बायका राहिल्या नाहीत. त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबा तुरुंगात गेल्या, त्यामागं हे एक मोठं कारण होतं. १९१४ च्या कायद्यानं ती लग्नं मान्य झाली. पुढं १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्न करायला आलेल्या एका भारतीय शिक्षिकेचं कौमार्य तपासण्यापर्यंत तिथल्या अधिकाऱ्यांची मजल गेली. ब्रिटनमध्ये १९९७ पर्यंत असाही नियम होता की लग्नाचा मुख्य उद्देश ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही, हे अर्जदारानंच सिद्ध करायचं. नसलेला हेतू दाखवायचा कसा?

एवढं वाचून वाचकांना वाटेल की मी वकिलातींवर चिडलो आहे. तसं नाही. पैसे घेऊन कागदावर लग्नं लावणारे आहेतच. आणि लग्न करून, हुंडा घेऊन, परत तोंड न दाखवणारे परदेशी जावई तेलंगणातही आहेत आणि मराठवाड्यातही. त्या फाइलनं एक गोष्ट मला शिकवली, ती कबूल करायला हवी. तिकडच्या अर्जात जावयांना उत्पन्नाचे कागद द्यावे लागले. आधी लग्न झालं होतं का, झालं असल्यास ते कसं संपलं, हे लिहून द्यावं लागलं. आम्ही काय पाहिलं होतं? पत्रिका, नाडी, आणि मुलगा दारू घेतो का याची एका दूरच्या नातेवाइकाकडून आडून चौकशी. मुलीचे म्हणून जे प्रश्न आम्ही विचारायला हवे होते, ते आम्ही भिडेपोटी गिळले आणि परक्या कारकुनानं विचारले.

तरीही ती फाइल तयार होताना मी पाहिली आणि मला कसंसंच झालं. एका रविवारी भाची दिवाणखान्यात सतरंजीवर कागद पसरून बसली होती. फोटो, विमानाची तिकिटं, रोजच्या निरोपांचे छापील ताव. लग्नातला फोटोग्राफर म्हणे मध्येच सांगत होता, "एकमेकांकडे बघून हसा, फाइलला लागतं." आता ती निवडत होती. गोड निरोप उजवीकडे, बाकीचे डावीकडे. डावीकडच्या गठ्ठ्यातला वरचा कागद जानेवारीतला होता.

ती तारीख मला आठवत होती. पहिली संक्रांत. पोर काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून बसली होती, बायका वाण घेऊन येत होत्या, आणि जावयांचा फोन काही आला नाही. कामात विसरले. रात्री आला तेव्हा ही बोलेना. जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून हिनंच फोन लावला, तासभर भांडली, आणि मग दोघंही हसायला लागले. मी त्या दिवशी मुक्कामाला तिथंच होतो. स्वयंपाकघरात चहा करत असताना मला सगळं ऐकू आलं.

"हा का काढलास?" मी विचारलं.

"मामा, भांडण कशाला दाखवायचं त्यांना?"

मी घरी आलो आणि जावयांचा मसुदा बाजूला ठेवून माझं शपथपत्र मीच लिहिलं. मी मुलीचा मामा आहे. अमुक तारखेला मी स्वतः तिला हात धरून अंतरपाटापर्यंत नेलं. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला नवरा फोन करायला विसरला म्हणून ती रात्री जेवली नाही आणि पहाटे त्याच्याशी भांडली, हे मी पाहिलं आणि ऐकलं. प्रेम, हेतू, आयुष्यभर, यातलं काही लिहिलं नाही. त्याबद्दल मला माहिती नाही.

नोटरीनं वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हैदराबादी हिंदीत विचारलं, "इतना काफी है साहब?" मी म्हटलं, "मैंने इतनाच देखा." त्यानं शिक्का मारला.

भाचीनं तो कागद दोनदा वाचला. रागावली की काय, कळेना. मग संक्रांतीचा तो ताव डाव्या गठ्ठ्यातून काढून तिनं माझ्या शपथपत्राला टाचला. अक्का अजून माझ्याशी नीट बोलत नाही. ती चिलकूरला जाऊन व्हिसा बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालून आली आहे. काम झाल्यावरच्या एकशे आठ बाकी आहेत. मुंबईची तारीख अजून लागलेली नाही.