आपल्या सरणाची सोय आपणच करावी का?

मरण कोणाला चुकत नाही, हे आपण कीर्तनात नित्य ऐकतो आणि मान डोलावतो. कीर्तन संपले की बुक्का लावून घरी जातो व पुढच्या पेरणीचा हिशेब मांडतो. त्यात वावगे काही नाही. संसारी माणसाने पेरणीचा हिशेब करायचाच. पण आमच्या कन्नड तालुक्यातील दिंडीतल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याने त्या हिशेबाबरोबर दुसराही एक हिशेब मांडला, आणि त्याच्यामुळे मी आज लिहावयास बसलो आहे.

नाथषष्ठीला पैठणास पायी जाताना एका मुक्कामी हे आबा माझ्याजवळ येऊन बसले. वय ऐंशीच्या घरात. घरधनीण मागेच गेलेली. दोन मुलगे, दोघेही वाळूजच्या कारखान्यात. हरिपाठ झाला, पंगत उठली, तेव्हा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढले आणि म्हणाले, "बुवा, हे तुमच्यापाशी राहू द्या. माह्या मातीचे पैसे हायेत."

पाकिटात नोटा होत्या आणि वहीचा एक कागद. कागदावर सारे मांडलेले: लाकडे, गोवऱ्या, तिरडीचे बांबू, कापड, मडके, राख पैठणास न्यायला गाडीभाडे. एका देहाला तीनचारशे किलो लाकूड लागते. त्याचा वखारवाल्याला विसारही देऊन झाला होता. "पावसाळ्यात गेलो तर ओलं लाकूड पेटत नाही, म्हणून वाळलेलं बाजूला काढून ठेव म्हणलं त्याला." शेवटची ओळ अशी, की दहाव्याला पिठलं-भाकरी करावी, बुंदी पाडू नये.

मी विचारले, "आबा, पोरं आहेत ना?" तर ते म्हणाले, "हायेत म्हणूनच. माह्या बापाच्या तेराव्याला म्या एक बैल इकला. त्या साली पेरणी दुसऱ्याच्या बैलावर केली. पोरांला ते नको."

मला ते पटले. पाकीट मी पिशवीत ठेवले. मनात म्हटले, हा खरा वारकरी. जायची तयारी करून बसला आहे.

चैत्रात त्यांचा थोरला मुलगा माझ्याकडे आला. वखारवाल्याच्या तोंडून त्याला कळले होते. तो भांडला नाही. भांडला असता तर बरे झाले असते. ओट्यावर बसून खाली मान घालून म्हणाला, "बुवा, दर महिन्याला मी आबाला पैसे धाडतो. औषधाला, दुधाला. त्यातूनच वाचवून त्यांनी हे ठेवलं. म्हणजे दूध प्यायले नाहीत, अन् मला परकं केलं. मी त्यांचा कोण?"

याला मला उत्तर देता आले नाही. वाचकहो, तुम्हाला येते का पाहा.

प्रथम आबांची बाजू घेऊ, कारण ती दुबळी नाही. मयताच्या पाठीमागे होणारा खर्च आणि त्यापायी होणारे कर्ज आपल्या खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. गाडगेबाबांनी कीर्तनांतून यावर किती झोड उठवली! कर्ज काढून दिवस घालणाऱ्याला ते भर सभेत उभे करून प्रश्न विचारीत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावाजवळ त्यांनी देह ठेवला, त्याला आता किती वर्षे झाली. तरी बुंदीची कढई काही चुलीवरून उतरली नाही. तेव्हा ज्याने जिवंतपणीच लिहून ठेवले की बुंदी पाडू नये, त्याने मुलांना गावाच्या तोंडापासून वाचवले. मुलाने स्वतः बुंदी टाळली तर गाव त्याला कंजूष म्हणेल. बापाचाच शब्द असला तर गाव गप्प बसते.

शास्त्रातही आधार निघेल. संन्यास घेणारा आठ श्राद्धे करतो, त्यांत एक स्वतःचे असते. पण इथे थोडे थांबले पाहिजे. संन्याशाने घर सोडलेले असते. त्याला मुलगा नाही, सून नाही, शेजारी नाही. आपला मार्ग घरात राहून करावयाचा. बायकामुले, गुरेढोरे, शेजारपाजार यांच्यासकट आपण पंढरीला जातो. घरात राहून जगलेला माणूस मरतेवेळी एकाएकी संन्यासी कसा होईल?

आता शहरांत या गोष्टीचा व्यवसायही झाला आहे. मुंबईकडची 'सुखांत' नावाची कंपनी आगाऊ पैसे घेऊन अंत्यविधीची सारी सोय करते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापार मेळ्यात तिने सजवलेली तिरडीच मांडून ठेवली होती, आणि सदस्यत्वाची वर्गणी ३७,५०० रुपये असल्याचे छापून आले. खांदेकरी, भटजी, अस्थिविसर्जन, सगळे त्यात. लोक हसले, कोणी संतापले. मी हसणार नाही. ज्याची मुले परदेशी आहेत, शेजारच्या बिऱ्हाडाशी ज्याची ओळख नाही, अशा एकट्या वृद्धाने आपला देह बेवारस पडू नये म्हणून पैसे भरले, तर त्यात त्याचे काय चुकले? चूक असेलच तर त्याच्या शेजाऱ्यांची. विलायतेतही गरीब मजूर गेल्याच्या गेल्या शतकात आठवड्याला पेनी-पेनी मंडळात भरीत असत, ते एवढ्याचसाठी की सरकारी खर्चाच्या खड्ड्यात आपल्याला टाकू नये.

मात्र पैसे भरले म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. त्याच इंग्लंडात २०२२ च्या मार्चमध्ये अशी आगाऊ पैसे घेणारी एक मोठी कंपनी बुडाली, आणि सुमारे ४६ हजार माणसांनी मरणासाठी जपून ठेवलेला पैसा टांगणीला लागला. गिऱ्हाईक जिवंत आणि कंपनीच आधी मेली!

या विचारात असताना मला आपल्या बहिणाबाई आठवल्या. आपल्या म्हणजे अगदी आपल्याच. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीस १६२८ साली त्यांचा जन्म. तुकोबारायांच्या त्या शिष्या. १७०० साली शिऊरास त्यांनी देह ठेवला. शेवट जवळ आला हे त्यांनी ओळखले, तेव्हा मुलगा विठोबा घरी नव्हता. त्यांनी पत्र धाडून त्याला बोलावून घेतले, आणि जवळ बसवून आपल्या मागल्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा भाग त्यांच्या गाथ्यात आहे. बारा जन्म खरे की कसे, हा वाद ज्याला करायचा त्याने करावा. मला दिसते ते एवढेच, की मरणाची तयारी म्हणजे त्यांच्या लेखी मुलाला जवळ बोलावणे. त्यांनी लाकडे गोळा केल्याचे कोठे वाचलेले नाही.

आणि मग चोखोबाराय. त्यांनी कसली तयारी केली होती? १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर तेही गाडले गेले. नामदेवराय तेथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती गोळा केली आणि पंढरीस आणून महाद्वारासमोर ठेवली. जिवंतपणी ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याची हाडे एका संताने वेचून आणली. चोखोबांच्या पदरी वखारीचा विसार नव्हता. पण कोणीतरी मंगळवेढ्यापर्यंत आपणहून चालत गेले.

हे मनात आल्यावर आबांच्या पाकिटाकडे मी पुन्हा पाहिले, तेव्हा मला त्यात दोन गोष्टी दिसल्या. मुलांवर कर्ज नको, ही एक. ती सोन्यासारखी आहे. आणि कोणाचे देणे म्हणून राहू नये, ही दुसरी. तिच्यात मला थोडा ताठा दिसला. आईच्या दुधाचा विसार कोणी दिला होता? सुईणीचे देणे आपल्यापैकी कोणी फेडले? येताना दुसऱ्याच्या हातांत आलो, तर जाताना दुसऱ्याच्या खांद्यावर जाण्यात कमीपणा कसला? लाकडाला भाव आहे, कापडाला आहे, गाडीलाही आहे. खांद्याला भाव लावला की तो हमालाचा होतो. मुलाला राग आला तो पैशांचा नव्हे. बापाने त्याच्या वाट्याचे कामच वखारीत देऊन टाकले आणि त्याला विचारलेही नाही, याचे त्याला दुःख होते. लपवले ते चुकले. आणि लपवण्यात मीही भागीदार होतो, हे कबूल केले पाहिजे. पाकीट घेताना मी एवढेच म्हणायला हवे होते की, आबा, पोरांना घेऊन या, मग ठेवतो.

ते मी उशिरा म्हटले. वैशाखातल्या एकादशीला दोघे मुलगे आणि आबा यांना घरी बोलावले. फराळ झाल्यावर पाकीट मधे ठेवले आणि कागद थोरल्याकडे वाचायला दिला. तो वाचीत गेला. लाकडांपाशी अडखळला, पुढे गेला. बुंदीच्या ओळीवर धाकटा हसला आणि लगेच डोळे पुसू लागला. आबा भिंतीकडे पाहत होते.

थोरला म्हणाला, "लाकडं तुमच्या पैशाची राहू द्या आबा. पण गाडीभाडं खोडा. राख मी पायी नेईन पैठणला."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उन्हाळ्यात गेलो तर?"

"तरी बी पायी."

आबांनी माझ्याकडून पेन मागून घेतले आणि ती ओळ स्वतः खोडली. गाडीभाड्याच्या नोटा मोजून थोरल्याच्या हातावर ठेवल्या. त्याने त्या घेतल्या, आणि दुधाचा रतीब लावायला खाली गेला. पाकीट माझ्याकडेच आहे. आबा आषाढीला दिंडीत आले होते. या वेळी धाकटा आठ दिवस रजा काढून बरोबर चालत होता.