ज्याला दिसतं, त्याच्या मागे

२०२५च्या नोव्हेंबरात मणिपूरमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवून त्यांना सोडून देण्यात आलं. नावं ठेवली अपापांग, अलांग आणि आहू. त्यांतली अलांग वयानं लहान, मादी. तिनं तेलंगणात एक रात्र काढली, महाराष्ट्रात काही तास विसावली आणि अरबी समुद्र ओलांडून केनिया गाठलं. साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपासचं अंतर तिनं जेमतेम आठवड्याभरात कापलं.

तेलंगणची सीमा आपल्या नांदेड जिल्ह्यापासून फार लांब नाही. अलांग हिमायतनगरावरूनच गेली असं म्हणायला काही पुरावा नाही, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. पण ही बातमी वाचल्यावर अंगणात येऊन एकदा वर बघावंसं वाटतं, एवढं खरं. नांदेडला दशमेश गुरूंच्या हातावरचा बाज चित्रांतून पाहत आलेल्या आपल्याला ससाणा म्हटलं की धिप्पाड, रुबाबदार शिकारीच आठवतो. हा मात्र पारव्याहून लहान, दीडशे ग्रॅमच्या आसपास भरणारा. खातो काय, तर पंख फुटलेली वाळवी, टोळ आणि चतुर. चतुर म्हणजे सोयाबीन निघाल्यावर शिवारावर झुंडीनं तरंगतात ते पिवळसर किडे. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. मालदीवमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून निघून हिंदी महासागरावरून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. ससाण्यांचा प्रवासही त्याच दिवसांत, त्याच ईशान्य वाऱ्यावर होतो. म्हणजे समुद्रावर ससाण्याची शिदोरी त्याच्या बरोबरीनंच उडत असावी, असा तर्क आहे.

माणसंही तिकडे जातात. पुण्या-मुंबईची, नागपूरची, आता छत्रपती संभाजीनगरचीही. केनिया, टांझानिया, युगांडा. पूर्वी सिंह बघायला जायचे; अलीकडे केवळ पक्ष्यांसाठी जाणारे वाढले आहेत. दहा-बारा दिवसांत पाणथळ, गवताळ माळ आणि दाट जंगल असे तिन्ही प्रदेश दाखवायचे, अशी त्या सफारीची आखणी असते. आणि बघण्याची रीत तिन्हीकडे वेगळी.

माळावर डोळा कामाला येतो. सेरेंगेटीच्या किंवा मसाई माराच्या गवतातून सेक्रेटरी बर्ड लांब ढांगा टाकत चालतो आणि दिसलेल्या सापाला पायांनी तुडवतो. थोड्या अंतरावर कोरी माळढोक फिरत असतो, उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. गाडी थांबते, दुर्बिणी वर जातात, सगळ्यांना सगळं दिसतं. आपला मराठी माणूस तिथे हरखून जातो आणि त्याच्या लक्षातही येत नाही की याचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे होता. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज साऱ्या देशात रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास आहेत, आणि तेही बहुतेक सगळे राजस्थानात. माळ म्हणजे कामाची नसलेली जमीन, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की सातबाऱ्यावर पोटखराबा लिहून आपण मोकळे होतो. त्या पोटखराब्यात कोण अंडी घालतं, ते विचारत नाही.

जंगलात डोळ्याचं फारसं चालत नाही. पश्चिम केनियातलं काकामेगा, युगांडातलं ब्विंडी ही हिरव्या अंधाराची जंगलं. तिथे गाइड चालता चालता थबकतो, मान किंचित कलती करतो. आपल्याला नुसता कालवा ऐकू येतो. त्याला त्यात सात पक्षी वेगळे ऐकू येतात आणि त्यांतला एक आज हवा असलेला.

पण खरी सांगण्यासारखी गोष्ट पाणथळाची. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला माबाम्बा नावाची दलदल आहे. पपायरसच्या दाट लव्हाळ्यांतून होडीपुरत्या वाटा. तिथे शूबिल राहतो: माणसाच्या छातीपर्यंत येणारा राखाडी पक्षी, लाकडी खडावेएवढी थोराड चोच, आणि तासन्‌तास जागचा न हलण्याची सवय. चिखलातला लंगफिश हे त्याचं आवडतं खाद्य. काठावरच्या कोळ्यांची समजूत अशी, की सकाळी शूबिल दिसला तर त्या दिवशी जाळं रिकामं येणार. म्हणून दिसला की मारायचा. पुढे पक्षी बघणारे परदेशी पाहुणे येऊ लागले, आणि शूबिल नेमका कुठे उभा असतो हे ठाऊक असणारी माणसं सबंध मुलखात एकच, ती म्हणजे हेच कोळी. त्यांच्याच होड्या, त्यांच्याच वल्ह्यांवर आता दुर्बिणवाले बसतात. २००६ साली माबाम्बाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा, दर्जा मिळाला. ज्याचं तोंड पाहणं अपशकुन होता, त्याच्यावर आज कित्येक घरांच्या चुली पेटतात.

या कथेतून लोक साधारणपणे रोजगाराचा मुद्दा उचलतात. तो बरोबरच आहे. मला मात्र त्या होडीत बसण्याची रीत अधिक विचार करण्याजोगी वाटते. लाखांनी रुपये मोजून आलेला माणूस, बहुधा आपल्या कचेरीत चार जणांना हुकूम सोडणारा, होडीत मुकाट बसलेला असतो. वल्हं मारणारा बोट करील तिकडे बघतो. तो ‘थांबा’ म्हणाला तर थांबतो. ‘आज नाही दिसणार, पाणी चढलंय’ म्हणाला तर ऐकून घेतो, वाद घालत नाही. पैसा असलेला मागे आणि जाणणारा पुढे, अशी ही यात्रा. एरवीच्या आयुष्यात ही रांग बहुतेक उलटी असते.

नैरोबीत तर हे आठवड्याच्या रीतीनं चालत आलं आहे. फ्लर न्ग्वेनो या बाईंनी गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकात दर बुधवारी सकाळची पक्षिफेरी सुरू केली. कुणीही यावं, सोबत चालावं. त्या फेरीत डोळे-कान तयार झालेली अनेक मुलं पुढे व्यवसायानं गाइड झाली. पूर्व आफ्रिकेचं नाव पक्षिप्रेमींच्या जगात झालं ते नुसत्या पक्ष्यांमुळे नव्हे. पक्षी आपल्याकडेही तेराशेच्या वर जातींचे आहेत, केनियाहून जास्त. नाव झालं ते दाखवणाऱ्यांमुळे.

आता घरचं बघू. हिमायतनगर तालुक्याच्या उत्तरेनं पैनगंगा वाहते, पलीकडे उमरखेडचा मुलूख. खाली इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा, पुढे किनवटची सागवानी रानं आणि पैनगंगेचं अभयारण्य. नदीचे डोह, मधला माळ आणि सागाचं जंगल. सफारीवाले तीन देश फिरवून जे तीन प्रदेश दाखवतात, त्यांचा आपला गावठी अवतार मुदखेड–आदिलाबाद रेल्वेच्या दोन-चार स्टेशनांत आटोपतो. सिंह नाही, शूबिल नाही, हे मान्य. पण काही पाहुणे दोन्हीकडचे सारखे आहेत. पाण्यावर एका जागी फडफडत उभा राहून सरळ खाली सूर मारणारा काळा-पांढरा कवड्या धीवर व्हिक्टोरियावर आहे, तोच पैनगंगेवर आहे. तारेवर बसणारी लाल डोळ्यांची कापशी घार तिथलीच इथे आहे. आणि मृगाच्या सुमारास येऊन सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून मोकळा होणारा चातक! मध्य आणि उत्तर भारतात येणारे चातक आफ्रिकेतून येतात असं पक्षितज्ज्ञ मानतात. ज्याच्या तहानेवर आपण इतके सुभाषितांचे रकाने भरले, तो पक्षी आपल्या आभाळाला तिकडचा पाहुणा आहे, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

आणि दाखवणारे? तेही आहेत. डोहावर पहाटे जाळं टाकणारा भोई आहे. मोहफुलं वेचायला उजाडायच्या आत रानात शिरणाऱ्या बाया आहेत. शेळ्यांमागं दिवसभर फिरणारा पोरगा आहे, त्याला टिटवीचं अंडं कुठल्या खड्यांत मिसळून गेलंय हे पाय पडायच्या आधी कळतं. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस बरा, ही गोष्ट आपण दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत वाचतो. ती सांगणारा मूळचा माणूस हाच. हवामानशास्त्र तिला किती मानतं हा प्रश्न वेगळा. पण अंडी कुठे आहेत हे पाहिल्याखेरीज ती गोष्ट सांगता येत नाही, आणि पाहिलं त्यानंच.

आपल्याला त्याच्या मागं चालायचं मात्र सुचत नाही. माबाम्बाच्या कोळ्यापुढं आनंदानं गप्प बसणारे आपण, पैनगंगेच्या भोयाला ‘काय रे, मासे काय भाव?’ याच्या पुढं काही विचारत नाही. त्याला पुस्तकातलं नाव येत नाही, इंग्रजी तर नाहीच, म्हणून त्याचं जाणणं आपल्या हिशेबात जमा होत नाही. यात त्याचं जे नुकसान आहे ते आहेच. पण आपल्याला पक्षी दिसत नाही, हे नुकसान आपलं.

ज्यांनी खरोखर पक्षी पाहिले, त्यांचं वागणं असं नव्हतं. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली. ती त्यांची पहिली मोठी प्रादेशिक पाहणी. खर्च भागवा, मी मोबदल्याशिवाय काम करतो, असं त्यांनी सांगितलं होतं. आपला हा भागही तेव्हा त्याच राज्यात होता. मारुती चितमपल्लींचं उदाहरण आणखी जवळचं. वनाधिकारी म्हणून हाती अधिकार असलेला हा माणूस रानात शिरताना अधिकार बाहेर ठेवून शिरला. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या रान जाणणाऱ्यांची सोबत केली. आदिवासींकडून, धीवरांकडून पक्ष्यांची नावं आणि सवयी ऐकल्या, आणि ते सगळं मराठीत आणलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांच्या ‘पक्षिकोशा’कडे मी तरी असाच बघतो: तो एका लेखकाचा आहे तितकाच अनेक दाखवणाऱ्यांचा.

अमूर ससाण्याकडे एकदा परत यायला हवं, कारण त्याची गोष्ट अर्धीच सांगितली. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाच्या परिसरात हेच पक्षी जाळी लावून लाखाच्या वर संख्येनं मारले गेले. त्याची छायाचित्रं जगभर गेली. पुढच्याच वर्षी पांगती गावच्या लोकांनी शिकार बंद केली आणि त्याच हंगामात तिथल्या ससाण्यांवर पहिले उपग्रह टॅग लागले. काल जाळी लावणारी माणसंच आज त्या पक्ष्यांची राखण करतात, पाहुण्यांना मचाणाकडे नेतात. ते पक्षी कुठे उतरतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? शिकाऱ्याचं ज्ञान आणि राखणदाराचं ज्ञान यांत ज्ञान तेच असतं. फरक पडतो तो, ते विचारायला कोण येतं आणि कशासाठी, यानं.

म्हणूनच विचारायला जाणाऱ्यानंही काही शिस्त पाळायला हवी. सध्या एक वाईट खोड बोकाळली आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा, तो आपल्या हद्दीत परका आला समजून बिथरून बाहेर आला की फोटो टिपायचा. पावसाळ्याच्या तोंडाला, विणीच्या दिवसांत, नवरंगासारख्या लाजऱ्या पक्ष्याचे यात फार हाल होतात. चांगला गाइड असं करत नाही आणि पाहुण्याला करू देत नाही. भोई तर करणारच नाही, त्याला ते सुचणारही नाही. बसून राहणं हे त्याचं रोजचं कामच आहे.

कुणी केनिया-युगांडाला जाणार असेल तर जरूर जावं. पैसे साठवून जावं, नाकुरूचं सरोवर बघावं, शूबिलसाठी होडीत तीन तास बसावं. माझा त्याला अजिबात विरोध नाही. तिथे शिकलेली एकच गोष्ट, गप्प बसून जाणणाऱ्याच्या मागे चालण्याची, परतीच्या विमानात विसरू नये.

५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. शाळांतून भाषणं होतील, चित्रकला स्पर्धा होतील, ते होऊ द्या. त्या आठवड्यात एखाद्या सकाळी चार पोरांना घेऊन पैनगंगेवर जा. जो माणूस आधीपासून तिथे असेल त्याला रामराम करून विचारा, ‘दादा, कवड्या कुठं बसतो?’ तो जाईल त्याच्या मागं जा, मध्ये बोलू नका. त्याची सकाळ मोडली तर त्या दिवसाची मजुरी त्याच्या हातावर ठेवा, संकोच न करता आणि उपकार न दाखवता. आणि घरी येऊन वहीत किंवा ई-बर्डवर पक्ष्याची नोंद कराल, तेव्हा त्याची परवानगी घेऊन ‘दाखवणारा’ म्हणून त्याचंही नाव लिहा.