गप्प बसणाऱ्याचा होकार

दुर्गा भागवतांचा विषय निघाला की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात: 'ऋतुचक्र' आणि कऱ्हाडचं संमेलन. 'ऋतुचक्र' म्हणजे निसर्गावरचं सुंदर लेखन, कऱ्हाड म्हणजे आणीबाणीतलं धाडस, अशी आपण त्यांची वाटणी करून टाकली आहे. या दोन्हींच्या मागे पाली वाचणारी, बौद्ध संघाच्या कायद्यावर लिहिणारी, लोकधर्माचा माग काढणारी एक विदुषी आहे. तिच्याकडे आपण फारसे फिरकत नाही. माझं म्हणणं असं आहे की, ही विदुषी समजल्याशिवाय कऱ्हाडही नीट समजत नाही.

'अर्ली बुद्धिस्ट ज्युरिस्प्रुडन्स' हा त्यांचा ग्रंथ १९३९ सालचा. १९१० साली इंदूरला जन्मलेल्या दुर्गाबाई तेव्हा तिशीच्याही अलीकडे होत्या. विषय होता विनयपिटक, म्हणजे भिक्षुसंघाचा कायदा. थेरवादी परंपरेत भिक्षूंसाठी २२७ आणि भिक्षुणींसाठी ३११ नियम आहेत. वरवर पाहिलं तर रुक्ष प्रकरण. पण विनयातल्या नियमाला बहुधा एक गोष्ट चिकटलेली असते. सुदिन्न नावाचा तरुण घरदार सोडून भिक्षू झाला. आईवडिलांनी वंश बुडेल म्हणून गळ घातली आणि तो आपल्या पूर्वीच्या बायकोपाशी गेला. ही गोष्ट बुद्धापर्यंत पोचली आणि ब्रह्मचर्यभंगाचा नियम झाला. नियम मोडणारा संघातून कायमचा बाहेर. सुदिन्नाला मात्र तो दोष लागला नाही, कारण त्यानं ते केलं तेव्हा नियमच नव्हता. आधी कायदा, मग गुन्हा, ही शिस्त दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनी पाळली होती. मला हा भाग दर वेळी थांबवतो.

संघ निर्णय कसा घ्यायचा, तेही पाहण्यासारखं आहे. महत्त्वाचा ठराव असेल तर तो आधी संघापुढे मांडायचा, मग तीनदा पुकारायचा. मान्य असेल त्यानं गप्प राहायचं, मान्य नसेल त्यानं बोलायचं. तिसऱ्या पुकाऱ्यानंतरही कुणी बोललं नाही तर ठराव झाला. मतभेद मिटलाच नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून बहुमत घ्यायचं. म्हणजे सभेत बसलेल्या माणसाच्या गप्प राहण्याचीही नोंद होते. तो होकार धरला जातो.

पुस्तकातल्या धर्मावरच दुर्गाबाई थांबल्या नाहीत. मध्य भारतात गोंडांमध्ये त्या अभ्यासासाठी फिरल्या. तिथं विषारी काही खाण्यात आल्यानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळल्या, योजलेलं संशोधन अर्ध्यावर राहिलं. मग १९५६ साली 'लोकसाहित्याची रूपरेषा' आणि 'ऋतुचक्र' दोन्ही आली. एकाच वर्षी आलेली ही पुस्तकं मला जुळ्या बहिणी वाटतात. विनयातला नियम घटनेतून उगवतो, तशीच रूढीही कशातून तरी उगवते. हे डोक्यात ठेवून आपल्या आषाढाकडे बघावं. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतून पोरी डोक्यावर पाण्याच्या घागरी घेऊन टेंबलाईच्या टेकडीला निघतात, पुढं पी-ढबाक वाजत असतं. याचं पुराण कुणी सांगेल, पण पुराणाआधी पाऊस आहे, नदी आहे, पिण्याचं पाणी बदललं की येणारी रोगराईची धास्ती आहे. धर्माची मुळं तिथं शोधायची नजर मराठीत रुजवणाऱ्यांत दुर्गाबाई फार पुढं होत्या.

आमच्या राजाराम कॉलेजात डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवत होते. प्राकृत आणि जैन ग्रंथांच्या त्यांच्या संपादनांनी कोल्हापूरचं नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेलं. त्यांच्यामागे कॉलेज होतं, विद्यार्थी होते. दुर्गाबाईंचं बहुतेक काम कुठल्याही खुर्चीविना, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून झालं. पालीतल्या ५४७ जातककथा त्यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावानं सात खंडांत मराठीत आणल्या. उपाध्यांना आपण विद्वान म्हणतो आणि दुर्गाबाईंना ललित लेखिका. हे बरोबर नाही. 'पैस'मधलं ललित गद्यसुद्धा या अभ्यासाच्या जोरावर उभं आहे.

आता कऱ्हाड. डिसेंबर १९७५, एक्कावन्नावं साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गाबाई. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. हजारो माणसं विनाखटला तुरुंगात होती आणि जयप्रकाश नारायण मुंबईत आजारी होते. दुर्गाबाईंनी त्या सभेत जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. संघाच्या सभेत न बोलणं म्हणजे होकार देणं, हे ज्या बाईनं तिशीच्या आत अभ्यासलं होतं, तिला त्या मांडवात नुसतं भाषण उरकून उतरता येणं शक्य नव्हतं, असं मला वाटतं. त्यांनी स्वतः ही सांगड घातली असा माझा दावा नाही. हे माझं वाचन आहे आणि मी त्यावर ठाम आहे. १९७६ साली त्यांना अटक झाली. सुदिन्नाला मिळालेला न्याय त्या काळात कैद्यांना मिळाला नाही.

सुटल्यावर त्या पुन्हा पुस्तकांकडे वळल्या. पुढे पद्मश्री आणि ज्ञानपीठ दोन्ही त्यांनी नाकारली. ७ मे २००२ रोजी त्या गेल्या. मराठीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या पोरापोरींना 'ऋतुचक्र' जरूर द्यावं, पण त्याच्या जोडीनं 'सिद्धार्थ जातक'चा एखादा खंड आणि विनयावरचा तो १९३९ सालचा ग्रंथही द्यावा. इंग्रजी जड गेलं तर शिक्षकानं वर्गात बसून समजावून सांगावं.