ठराव कोणाच्या नावाने?

आमच्या निमगाव केतकीत ‘ठराव’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक ग्रामसभेतला, जो वहीत लिहिला की बहुतेक वेळा तिथेच झोपतो. दुसरा सोसायटीचा. जिल्हा बँकेची निवडणूक लागली की विकास सोसायटी आपल्या एका सभासदाच्या नावाने ठराव करते, आणि तो एकटा सगळ्या सोसायटीच्या वतीने मत टाकतो. शेकडो शेतकऱ्यांचं एक मत, एका माणसाच्या खिशात. ‘यंदा ठराव कोणाच्या नावाने?’ हा प्रश्न मग चहाच्या टपरीवर फिरायला लागतो. निवडणूक चुरशीची असेल तर ठरावाची माणसं काही दिवस गावात दिसतच नाहीत. कुठे जातात ते सगळ्यांना माहीत असतं. परत येतात तेव्हा मोबाइलमध्ये समुद्राचे फोटो असतात.

मतदान गुप्त. म्हणजे पाठवलेल्या माणसाने नेमकं काय केलं, हे पाठवणाऱ्यांनाच कळायची सोय नाही. माझं मत जगापासून गुप्त असावं हे पटतं. पण तुमच्या खिशातलं माझं मत माझ्यापासूनच गुप्त?

हे सगळं मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाला सांगत होतो. तो डहाणूकडचा, ख्रिस्ती, माझ्याच टीममधला. त्याच्या मंडळीने त्याला धर्मप्रांताच्या परिषदेला प्रतिनिधी म्हणून निवडलं होतं. मी सहज विचारलं, “तू मत कोणाचं देणार? तुझं की त्यांचं?” तो म्हणाला, “आमच्या घरात यावरून १९७० पासून भांडण आहे.”

ते भांडण समजायला जरा मागे जावं लागतं. २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांचं म्हणणं असं : तान्ह्या बाळाला काय कळतं? विश्वास ही ज्याची त्याने, कळत्या वयात ठरवायची गोष्ट आहे. आईबापांनी नाही, राजाने तर नाहीच. आज हे वाक्य कुठल्याही कॉलेजच्या पोराला साधं वाटेल. तेव्हा त्यासाठी जीव जायचा. फेलिक्स मान्झ या त्यांच्यातल्या एकाला जानेवारी १५२७ मध्ये झुरिकच्या नदीत बुडवून मारलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑग्सबर्गला या लोकांची एक सभा भरली. पुढच्या काही वर्षांत त्या सभेला आलेल्यांतले इतके जण मारले गेले की तिला ‘हुतात्म्यांची परिषद’ असंच नाव पडलं. सहलीला नेलेल्या प्रतिनिधींच्या गावातून येऊन हे वाचताना जरा थांबायला होतं.

या परंपरेतून मेनो सिमन्स या डच धर्मगुरूच्या नावाने मेनोनाइट लोक आले. छत्तीसगडमधल्या धमतरीला ते १८९९ मध्ये पोचले, दुष्काळात मदत करायला. त्यांचेच चुलत भाऊ म्हणावेत असे ब्रदरन. १७०८ मध्ये जर्मनीत एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला तिथून त्यांची सुरुवात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते वलसाडला आले आणि पुढे डहाणूपर्यंत पसरले. माझ्या मित्राचं घराणं त्यातलं.

आता गुंता. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या चर्चनी एक व्हावं म्हणून १९२९ पासून बोलणी चालू होती. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, जे बाळांना बाप्तिस्मा देतात, आणि ब्रदरन होते, जे देत नाहीत. तोड अशी निघाली की नव्या चर्चमध्ये दोन्ही पद्धती चालतील. मला ती शहाणपणाची वाटते. पण ब्रदरनांनी हे ठरवलं कसं? इतर सगळेच ठरवतात तसं. प्रतिनिधी बसले, ठराव आला, बहुमत झालं.

आणि काही जण म्हणाले, थांबा. माझा विश्वास माझा बापसुद्धा ठरवू शकत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग मी कुठल्या चर्चचा, हे प्रतिनिधीने हात वर करून कसं ठरवलं?

मित्राचे आजोबा विलीनीकरणाच्या बाजूचे, त्यांचा सख्खा भाऊ विरुद्ध. गुजरातकडच्या ब्रदरनांमधला वाद तर कोर्टात गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसता ठराव मंजूर झाल्याने जुना ट्रस्ट संपत नाही आणि त्याची मालमत्ता आपोआप नव्या चर्चची होत नाही. त्यासाठी कायद्याची वाट चालावी लागते. नागपूरच्या सोहळ्याला तोवर ४३ वर्षं होत आली होती.

मी आधी याचं उत्तर इंजिनिअरसारखं काढलं. दोन भाग करा. इमारती, वर्गणी, पगार यांवर प्रतिनिधीने ठरवावं. श्रद्धेचं प्रत्येकाने स्वतःचं. आमच्याकडे वारीत हे आपोआप होतं. तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी असते. ज्यांना पुढे जाणं जमत नाही ते वारकऱ्याला सांगतात, ‘माझा नमस्कार सांगा पांडुरंगाला.’ तो नमस्कार वारकरी पोचवतो, येताना बुक्का-चुरमुरे आणतो. नमस्कार करायचा की नाही, हे तो ठरवत नाही.

मित्राने हे एका घासात उडवलं. “चर्चच्या मागे माझ्या पणजीची कबर आहे. ती इमारतीत धरू की श्रद्धेत?”

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो : प्रतिनिधीने घरच्यांनी सांगितलं तेच जसंच्या तसं पोचवावं. पण मग माणूस पाठवायचा कशाला? एक गुगल फॉर्म पुरे. माणूस पाठवतात कारण तिथे दुसरी गावं भेटतात, आपल्याला न सुचलेली अडचण कोणीतरी मांडतो, आणि जाताना जे मत होतं ते दुपारपर्यंत बदलू शकतं. बदलूच नये असा दंडक घातला तर तिथे ऐकणारा कोणी उरत नाही, नुसते निरोप्ये.

ठरावाच्या माणसाचं मत सभागृहात बदललं यात मला गैर वाटत नाही. गैर हे की तो बदल घरी येत नाही. बदलला तो एकटा, आणि त्याच्या बदलाची किंमत बाकीच्यांनी भरायची. ब्रदरनांच्या बाबतीत ही किंमत फार मोठी होती, कारण प्रत्येकाने स्वतः ठरवणं हीच त्यांची ओळख. सगळ्यांना विचारत बसलो तर चर्च कधीच एक झाली नसती, असं मित्र म्हणतो. आधीच एकेचाळीस वर्षं गेली होती. त्याचं खरं असेल. तरी परत येऊन सांगणं आणि ‘मला हे मान्य नाही’ म्हणणाऱ्यासाठी जागा ठेवणं, एवढं प्रतिनिधीचं देणं लागतं असं मला वाटतं. मेथडिस्टांचं एक मोठं चर्च १९७० मध्ये अगदी शेवटच्या क्षणी बाहेर राहिलं. अख्ख्या चर्चला ते जमलं. एकेकट्या माणसाला नाही जमत.

मित्र परिषदेला जाऊन आला. विषय नागपूरइतका मोठा नव्हता : लहान मंडळ्यांनी एकच पाळक वाटून घ्यावा का. त्याच्या मंडळीचं म्हणणं होतं, नको. त्याने होकाराचं मत दिलं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्याने ते सगळ्यांसमोर सांगितलं. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “हात वर केलास तेव्हा आमची आठवण होती का रे?”

तो म्हणाला, “होती, आजी. तरी केला.”

“का?”

तो सांगायला लागला. तीन गावचे पाळक पगाराविना कसे आहेत, इथपासून. आजी मध्ये मध्ये अडवत होत्या. जेवणं दुपारी तीनला झाली, आणि आजी अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत.